सात नंबरचा पाय

कारखान्यात तिला सगळे सातनंबर म्हणत. समोर असली तर सातनंबरबाई, पाठीमागे नुसतं सातनंबर. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणाऱ्या कारकुनालाही ते वाचल्याशिवाय आठवत नसे.

कारखाना म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक लांबलचक खोली. एका भिंतीला खिडक्या, दुसऱ्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर पायाच्या आकाराचे लाकडी साचे, जोडीजोडीने सुतळीत बांधलेले. इथे खेळाडूंचे बूट होत. बाजारात मिळतात तसले पांढरेशुभ्र नव्हेत, एकेका खेळाचे, खास. वजन उचलणाऱ्यांचे, टणक उंच टाचेचे. शंभर मीटर पळणाऱ्यांचे, टाच जवळपास नसलेले, घालून उभं राहिलं की आपण उतारावर आहोत असं वाटायला लावणारे. गोळाफेकवाल्यांचे, गुळगुळीत तळाचे, गिरकी घेता यावी म्हणून. आणि कुस्तीचे. कुस्तीचा बूट घोट्याच्या वर जाणारा, तळ पातळ, कडा गोलवलेल्या, कुठे कडक काही नाही, आणि नाडीची गाठ एका पट्टीखाली झाकलेली, म्हणजे समोरच्याला ओरखडा नको.

कुठलाही नवा नमुना आधी सात नंबरात व्हायचा आणि तो तिच्या पायात जायचा. कारण तिचा पाय सात म्हणजे सात होता. डावा-उजवा सारखे, बोटं उतरत्या क्रमाने, टाच नीट. एकतीस वर्षांपूर्वी ती तळ चिकटवायच्या कामासाठी विचारायला आली होती. दारात चपला काढल्या, तसे मास्तर बोलता बोलता थांबले आणि तिच्या पायाकडे बघत राहिले. मास्तर म्हणजे कारखान्याचे मालक आणि कातडं कापणारेही तेच.

"लोक तोंड बघून नोकरी देतात," ती पुढे सांगायची, "मला मेल्यांनी पाय बघून दिली."

खोलीच्या टोकाला तिची जागा होती. एक लाकडी फळी, दहा पावलं लांब. मॅटचा एक तुकडा. एक पायरी. बूट घालायचा, फळीवर जायचं-यायचं, मॅटवर बसायचं-उठायचं, चवड्यावर उभं राहायचं. मग मास्तर हातातलं काम न सोडता विचारत, "कुठं लागतंय?" आणि ती सांगे. "करंगळीला लागतंय." "टाच सुटतेय." "उजव्यात कुठेतरी दोरा आलाय, डाव्यात नाही." मास्तर बूट उसवत आणि दोरा सापडायचाच. तिने हो म्हटल्याशिवाय साच्यांवर पुढचे नंबर चढत नसत. स्वतः ती कधी वीस पावलंही पळाली नव्हती. एरवी घरी जायची ती जुन्या चपलांत.

घरात ती आणि तिची थोरली जाऊ, दोघीच. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने गेले. जाऊबाई इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेल्या. चादरीवरचा डाग बघून माणसाला काय झालंय ते सांगायच्या. सातनंबरचा नवरा वारला तेव्हा चौथ्या दिवशी ती कामावर गेली, कारण लांब उडीचा नमुना अडला होता. ती रडली नाही. जाऊबाईंनी बरेच दिवस वाट पाहिली, मग त्यांनीही तो विषय सोडला. "हिचं सगळं पायात उतरतं," असं त्या शेजारणींना सांगत. "वर काही येत नाही."

आणि आता पायातही काही नव्हतं.

दीड वर्षापूर्वी आधी मुंग्या आल्या. साखर निघाली होती त्याला आठ वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, अधूनमधून राहूनही जात होत्या. मुंग्या अंगठ्यापासून चवड्यापर्यंत आल्या, काही महिने राहिल्या, आणि एक दिवस नव्हत्या. तिला आधी बरं वाटलं. मग फळीवर चालताना लक्षात आलं की मुंग्यांबरोबर फळीही गेली होती. पाय खाली टेकतोय हे गुडघ्याला कळत होतं, पायाला नाही.

त्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "कुठं लागतंय?" आणि ती म्हणाली, "करंगळीला." तशा घाटाचा बूट बहुधा करंगळीलाच लागतो, हे तिला एकतीस वर्षांनी पाठ झालं होतं. मास्तरांनी तिथे साचा घासला. बूट चांगला झाला.

मग तिने एक पद्धत बसवली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, नमुना हातात घ्यायचा आणि आत हात घालून अस्तर बोटांनी वाचायचं. शिवण कुठे उचललीय, गोंद कुठे सुकून टणक झालाय. जे बोटांना सापडे ते ती नंतर फळीवर पायाचं म्हणून सांगे. वर्षभर एकही बूट चुकला नाही. तिला याची भीती वाटायला हवी होती. पाय गेला म्हणजे नोकरी गेली, हे ती स्वतःला सांगून बघे, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. भीती यायची नाही. ती डबा खायची, हात धुवायची आणि पुढचा बूट घ्यायची.

कारखान्याच्या गिऱ्हाइकांत एक कुस्ती खेळणारी मुलगी होती. सगळे तिला पैलवानीण म्हणत. बसने तासाभराच्या अंतरावर तिचं वसतिगृह आणि सरावाचा हॉल. पाच वर्षांपूर्वी ती माप द्यायला आली, मास्तरांनी कागदावर तिच्या पायाची रेघ काढली, आणि काहीतरी सुचून सातनंबरच्या पायाचा जुना कागद त्यावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली. सगळी माणसं काम टाकून बघायला आली.

"मावशी, तुम्ही आमच्यातल्याच निघालात की," मुलगी म्हणाली.

"छे गं. मला साधी बरणी उघडत नाही."

नवाकोरा बूट घालून मॅटवर उतरता येत नाही. तो आधी पायात रुळावा लागतो. मुलीला दिवसभर सराव असे, तोही जुन्या, ओळखीच्या जोडात. तेव्हापासून असं ठरलं की तिचा नवा जोड सातनंबरने आठ दिवस घालून रुळवायचा, आणि मग तो मुलीकडे जायचा. त्या आठ दिवसांत सातनंबर घरीही कुस्तीच्या बुटांत वावरे. त्यातच भांडी घासायची, त्यातच गच्चीवर कपडे वाळत घालायची. संध्याकाळी दार उघडलं की जाऊबाई आधी पायांकडे बघत.

"काय आज? कुस्ती की पळापळी?"

"कुस्ती."

"मग ती वरची पातेली काढ. अंगात बळ असेल."

असे पाच जोड झाले. हा सहावा होता, आणि महत्त्वाचा. गुरुवारी निवड चाचणी होती. त्यात जिंकली तर मुलगी संघात जाणार होती; वयाच्या हिशेबाने ही शेवटचीच संधी. सातनंबरने नेहमीप्रमाणे सकाळी लवकर येऊन बुटात हात घातला. पण कुस्तीचा बूट घोट्याला अरुंद आणि लांब. तिचा हात अर्ध्यातच अडला, बोटं चवड्यापर्यंत पोचली नाहीत. तिने दोनदा प्रयत्न केला. मग बूट पायात घातला, आठ दिवस वापरला, आणि सोमवारी मास्तरांना म्हणाली, "ठीक आहे. कुठं लागत नाही."

मास्तरांनी त्याच दुपारी जोड बसने पाठवून दिला.

मंगळवारी संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, जाऊबाई खिडकीपाशी तिची नखं कापायला बसल्या. सातनंबरचा गुडघा पुरता वाकत नसे, म्हणून हे काम महिन्यातून दोनदा जाऊबाई करत. बदल्यात बोलायचा हक्क त्यांचा असे. डावा पाय झाला. उजवा मांडीवर घेतला आणि त्या बोलायच्या थांबल्या.

"हे काय गं?"

"काय?"

"अगं, पायाला भोक पडलंय."

"कुठं?"

जाऊबाईंनी मान वर केली. "कुठं म्हणजे? माझं बोट आत्ता तिथंच आहे. तुला कळत नाहीये?"

जाऊबाईंनी नखं कापायची कात्री मिटली, आणि तिच्या टोकाने अंगठ्याला, मग चवड्याला, मग टाचेला हलकेच टोचून बघितलं. सातनंबर खिडकीबाहेर बघत होती. तिचा पाय जागचा हलला नाही.

"किती दिवस?" जाऊबाईंचा आवाज वेगळाच येत होता.

"वर्ष झालं असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस. एका घरात राहून. माझ्या हातात पाय देऊन बसतेस आणि सांगत नाहीस."

"मला दाखवा ना कुठाय ते."

जाऊबाईंनी आरसा आणला. अंगठ्याच्या मुळाशी जखम होती, नखाच्या चंद्रासारखी वाकडी, मधे काळपट, भोवती सुजलेली. काळ्या मोज्यांत रक्त दिसलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, उद्या सकाळी डॉक्टर. तिने ते ऐकलं नाही. ती आरशातल्या वाकड्या रेघेकडे बघत होती. अशी रेघ दगडाने होत नाही, खिळ्यानेही नाही. बुटाचं अस्तर साच्यावर ओढताना मुडपलं, चवड्याखाली त्याची चुणी राहिली आणि गोंदाने कडक झाली, तर अशी होते.

"ती बुटातली आहे," ती म्हणाली. "बूट पोरीकडे गेलाय."

जाऊबाईंना सगळं समजायला वेळ लागला नाही. त्या जखम धुता धुता बोलत होत्या. "फोन कर तिला. म्हणावं, शिलाई राहिलीय, परत पाठव. नाहीतर म्हण, रंग चुकला. काहीही म्हण. पायाचं कशाला काढतेस? एकदा हे मास्तरांना कळलं की झालं तुझं."

खरंच होतं. पण सोमवारी ठीक आहे म्हणालात आणि मंगळवारी शिलाई कशी राहिली, असं मास्तर विचारणार. त्याचं उत्तर रचावं लागणार. खोटं रचायलाही आत काहीतरी चालू असावं लागतं, आणि तिने आत बघितलं तर तिथे सुटलेल्या शाळेसारखं शांत होतं. आधी ती वर्षभर खोटं बोललीच होती. पण ते रोजच्या कामासारखं आपोआप होत गेलं होतं. हे नव्याने करावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी ती पट्टी बांधून, एका पायात चप्पल आणि एका पायात जाऊबाईंची मोठी सपात घालून कारखान्यात गेली. मास्तर कापायच्या टेबलाशी होते.

"मास्तर, पोरीच्या उजव्या बुटात चुणी राहिलीय. अंगठ्याच्या मुळाशी."

"तुम्हीच तर परवा म्हणालात, लागत नाही."

"मला लागली नाही."

"मग आता कशी कळली?"

ती स्टुलावर बसली, पट्टी सोडली आणि पाय पुढे केला. मास्तर खाली बसले. मग कानावरची पेन्सिल काढून तिच्या मागच्या बोथट टोकाने अंगठा दाबला.

"कळतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

पेन्सिल घोट्यापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "हं."

शिलाईची यंत्रं एकेक करून थांबली. मास्तर उठले, पुन्हा बसले. "त्या लांब उडीवाल्यांचे तीस जोड?"

"तेही."

"गोळाफेकीचे?"

"मास्तर, वर्षभरातले सगळे. हाताने बघत होते. कुस्तीच्या बुटात हात पोचला नाही."

"मी साचे घासले तुमच्या बोलण्यावर," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या पायावर माझा जास्त भरवसा होता. मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

मास्तरांनी पिशवीत पातळ पातं, गोंदाची डबी, छोटी हातोडी आणि अस्तराचा एक तुकडा टाकला. "तुम्ही घरी जा. मी जाऊन येतो."

"मीच ठीक आहे म्हणाले होते. मी येते."

बसमध्ये मास्तरांनी तिला खिडकीची जागा दिली आणि तिचा पाय ठेवायला पिशवी पुढे सरकवली.

हॉलमध्ये रबराचा आणि घामाचा वास होता. मुलगी मॅटच्या कडेला बसून उजव्या पायाला चिकटपट्टी लावत होती. नवे बूट शेजारी होते. त्या दोघांना बघून ती उठली.

"मावशी? तुम्ही इथं? आणि पायाला काय झालं?"

"तुला काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही हो. जरासं टोचतंय."

"कधीपासून?"

"घातल्यापासूनच." मुलगी ओशाळून हसली. "मला वाटलं माझंच काहीतरी बिनसलंय. ताण आला की मला कुठेही दुखतं. मावशींनी आठ दिवस घातलेला बूट. त्यांना नाही टोचला तर मला कसा टोचेल?"

तिने चिकटपट्टी काढली. अंगठ्याच्या मुळाशी लाल रेघ होती, नखाच्या चंद्रासारखी.

सातनंबर ती रेघ बघत राहिली. स्वतःचा पाय खुणा सांगत असताना पोरीने त्याचं ऐकलं नव्हतं. सातनंबरचं ऐकलं होतं. "माझा पाय मेलाय, बाळ," ती म्हणाली. "वर्ष झालं. मला काही कळत नाही. तुझं तू खरं धर." तिने हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मुलीला आधी ती थट्टा वाटली. मग मुलीने पट्टी पाहिली.

मास्तर मॅटच्या बाहेर मांडी घालून बसले. आतला तळ उचलला, चुणी सापडली, गव्हाच्या दाण्याएवढी जाड. पात्याने तासली, अस्तराचा तुकडा लावला, हातोडीच्या मागच्या बाजूने घासून सपाट केला, गोंद धरेपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवला. मग सवयीने बूट सातनंबरपुढे धरला. "घालून ब..." तिथेच थांबले, आणि हात वळवून मुलीकडे दिला.

मुलगी उभी राहिली, चवड्यांवर उसळली, खाली वाकली, मॅटवर दोन वेळा झेपावली. दोन्ही म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"गेलं," ती म्हणाली. "आता काही नाही."

गुरुवारी ती पहिल्या दोन कुस्त्या जिंकली आणि तिसरी एका गुणाने हरली. संध्याकाळी फोन आला. "मावशी, बुटाने नाही हरले हां. समोरची चांगली होती." हे खरं असेल, किंवा मुलगी चांगल्या स्वभावाची असेल. सातनंबर "बरं" म्हणाली. फोन ठेवून ती मोरीपाशी गेली आणि थोडा वेळ थांबली. काहीतरी येईल असं तिला वाटत होतं. नळ थेंब थेंब गळत होता. काही आलं नाही. तिने ताटं विसळायला घेतली. जाऊबाईंनी येऊन तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वतः विसळलं.

जखम भरायला सात आठवडे लागले. जाऊबाई रोज सकाळ-संध्याकाळ आरसा घेऊन पाय तपासत आणि इस्पितळातल्यासारखं मोठ्याने जाहीर करत, "कोरडी आहे." आठव्या आठवड्यात मास्तरांनी निरोप पाठवला की अस्तराच्या टेबलाशी माणूस हवा आहे. बूट साच्यावर चढण्याआधी प्रत्येक शिवण बोटांनी तपासायची. बसून.

ती गेली. फळीवर आता शिलाईवाल्या पोरींपैकी एक चालत होती, पाय साडेसहाचा होता, जाड मोजे घालून सात करत होती. "टोचतंय बहुतेक," ती म्हणे. "बहुतेक म्हणजे काय?" मास्तर खेकसत. सातनंबरने टेबलावरचं पहिलं अस्तर उचललं आणि डोळे मिटून बोटं फिरवली.

दुपारी मास्तरांनी तिच्यापुढे एक जोड ठेवला. कुठल्याच खेळाचा नव्हता. रुंद तोंड, मऊ तळ, आत एकही शिवण नाही.

"कुणाचा?"

"तुमचा. चपला बंद. डॉक्टरांनी नाही का सांगितलं?"

एकतीस वर्षांत तिने किती बूट घातले होते त्याची गणती नव्हती, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. "माप कधी घेतलंत?"

"माप कशाला घ्यायचं? सात पाठ आहे मला."

तिने बूट घातले आणि फळीवर गेली. पोरगी बाजूला झाली. दहा पावलं पुढे, दहा मागे. मास्तर कातडं कापत होते, मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठं लागतंय?"

विचारल्यावर त्यांचा हात थांबला. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं होतं. तिच्या तोंडाशी उत्तर तयार होतं, अशा घाटाच्या बुटाला शोभेलसं. ते तिने गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "दहा मिनिटं चालते. मग काढून बघा."

ती दहा मिनिटं चालली. घड्याळ समोरच होतं. मग स्टुलावर बसली, मास्तरांनी तिचा पाय गुडघ्यावर घेऊन बूट काढला, मोजा काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पाय खिडकीकडे वळवला. अंगठ्याची जागा ठीक होती, खूण नव्हती. टाच ठीक होती. बाहेरच्या कडेला एक फिकट लाल ठिपका उठला होता. एकतीस वर्षांत पाय पसरला होता, आणि दोघांपैकी कुणी तो पुन्हा मोजला नव्हता.

मास्तरांनी ठिपक्यावर पेन्सिल टेकवली.

"करंगळीला लागतंय," ते म्हणाले, आणि बूट घेऊन साच्याकडे गेले.